अकरा नंबरचा डबा

ढब्बू बरा आहे. हे आधीच सांगते, म्हणजे ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांना पुढचं जीव मुठीत धरून वाचावं लागणार नाही. आत्ता तो माझ्या खुर्चीखाली घोरतो आहे.

गेल्या दिवाळीत त्याला चॉकलेटची विषबाधा झाली. दवाखान्यातून परतल्यावर ठरवलं होतं की जे आपल्याला वेळेवर माहीत नव्हतं ते लिहून ठेवायचं, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल. एका पानाचं टिपण पुरेल असा अंदाज होता. ते तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं, कारण त्यातलं पहिलंच वाक्य खोटं होतं. मला सगळं वेळेवर माहीत होतं.

मी वंदना, वय एकोणपन्नास, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. नवरा सुधीर दुसऱ्या मंत्रालयात. मुलगी ऋचा अकरावीत, जन्म दिल्लीचा. आर. के. पुरमला तळमजल्यावरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. ढब्बू बीगल आहे, पाच वर्षांचा, बारा किलोचा. कॉलनीत त्याला सगळे 'डब्बू' म्हणतात आणि तो त्यालाही ओ देतो, विशेषतः हाकेबरोबर काही खायला असेल तर.

डबे

दिल्लीत सरकारी नोकरी केलेल्यांना हे समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. दिवाळीआधीच्या पंधरवड्यात इथे घरोघरी डबे येतात. सुकामेव्याचे, मिठाईचे, हल्ली बिस्किटांचे आणि चॉकलेटांचेही. जितके येतात तितके द्यायचेही असतात, त्यामुळे आलेल्यातले बरेचसे न उघडता पुढे जातात. सगळे असंच करतात आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. नियम दोनच. ज्याने दिला त्याच्याच घरी तो परत जाता कामा नये, आणि डबा उघडता कामा नये. उघडलेला डबा कुणाला देता येत नाही.

यासाठी माझी वही आहे. डब्याच्या तळाला पेन्सिलीने नंबर, आणि वहीत त्या नंबरापुढे कुणाकडून आला, कुणाकडे जायचा. सोळा वर्षांत माझ्याकडून एकही डबा चुकीच्या घरी गेलेला नाही. ऑफिसात या वहीची थट्टा होते, पण दिवाळीच्या आठवड्यात तीच माणसं हळूच येऊन विचारतात, "मॅडम, ज़रा देखना, पिछले साल हमने आपको क्या दिया था?"

डब्यात काय आहे, हा रकाना मात्र वहीत नव्हता. तो असणार कसा? उघडायचंच नाही म्हटल्यावर हलवून बघायचं. खडखडलं तर सुकामेवा, नाहीतर मिठाई.

एरवी हे डबे कपाटावर असतात. या वेळी वाटायला निघताना सोपं जावं म्हणून मी ते आदल्या दिवशी बाहेरच्या खोलीत दिवाणावर रचले, ज्या क्रमाने घरं लागणार त्या क्रमाने. दिवाण गुडघ्याइतका उंच. आमच्या घरात नियम आहे, मीच केलेला, की खायची कुठलीही वस्तू कमरेच्या खाली ठेवायची नाही. त्याच आठवड्यात ऋचाने बिस्किटांचा पुडा सोफ्यावर टाकला म्हणून मी तिला चांगलं सुनावलं होतं.

"एक पुडा होता यार आई, त्यात तीन बिस्किटं होती," ती म्हणाली.

"आज तीन आहेत. उद्या काय असेल सांगता येत नाही."

फ्रिजवर मी लावलेला कागद आहे. ढब्बूला काय द्यायचं नाही, त्याची यादी. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट. अक्षर माझं.

साडेसहा

नरकचतुर्दशी. पहाटे उटणं, तेल, अंघोळी. साडेसहाला केस पुसत मी बाहेर आले तर दिवाणाखालून शेपूट हलताना दिसलं. सोनेरी कागदाच्या चिंध्या झाल्या होत्या, पुठ्ठा चावून ओला केलेला, आतला खळग्याखळग्यांचा प्लास्टिकचा ट्रे चाटून लख्ख. ट्रे मी नाकाशी धरला. कडवट, गडद चॉकलेटचा वास होता.

मी त्याच्या पाठीवर चापट मारली. मग कागद, पुठ्ठा, ट्रे गोळा केला, ओल्या फडक्याने फरशी पुसली, पिशवी बांधून दाराबाहेर ठेवली. साडेसातला कचरेवाला ती घेऊन गेला. मग वही उघडली. अकरा नंबर. माझ्याच सेक्शनमधल्या खुरानांकडून आलेला, कॉलनीतल्या ऋचाच्या गणिताच्या मॅडमकडे जायचा. अकरावर काट मारली आणि मॅडमसाठी सतरा नंबर लावला. संध्याकाळी कॉलनीत द्यायचे डबे दिवाणावरच होते. त्यांच्यासमोर खुर्ची आडवी लावली.

एवढं सगळं नीट केलं. फ्रिजवरचा कागद आठवला नाही असंही नाही. आठवला. पण पूर्वी त्याने वाढदिवसाच्या केकचा तुकडा पळवला होता तेव्हा काही झालं नव्हतं, म्हणून आताही होणार नाही, असं स्वतःला सांगितलं. बोलले नाही त्याचं कारण मात्र हे नव्हतं. बोलले असते तर डबे दिवाणावर कुणी ठेवले हा प्रश्न आला असता, आणि बिस्किटांच्या पुड्याचा विषय ऋचाने काढला असता. सोळा वर्षांच्या मुलीकडून ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

फराळ झाला. साडेआठला सुधीर आणि मी गाडीत डबे घालून निघालो. ऋचा घरी थांबली.

दोन फोन

पहिला पावणेदहाला आला. आम्ही लक्ष्मीबाई नगरला सुधीरच्या मित्राकडे चहाला बसलो होतो.

"आई, ढब्बूला काहीतरी होतंय. सारखा फेऱ्या मारतोय. अख्खं भांडं पाणी प्यायला आणि आता उलटी केली."

"कसली उलटी?"

"ब्राऊन ब्राऊन. शी."

कप मी बशीत ठेवला. तो वाजू नये म्हणून हळू ठेवला, हे मला नीट आठवतं.

"फटाक्यांना घाबरलाय. दर दिवाळीचं आहे त्याचं. बाथरूममध्ये ने आणि दार लावून घे, आवाज कमी येतो."

"पण आत्ता कुठे फटाके वाजतायत?"

"त्याला लांबचे ऐकू येतात," मी म्हणाले.

दुसरा फोन अकराला. "आई, तो थरथरतोय. त्याच्या छातीवर हात ठेवला तर हार्ट इतकं जोरात उडतंय. तुम्ही या ना."

"निघालोच," मी म्हणाले. सुधीरला म्हटलं, ऋचा जरा घाबरलीय. त्यानंतर आम्ही आणखी दोन घरी डबे दिले. त्यातल्या एका घरी बसलोही.

घरी

पोचायला सव्वाबारा झाले. ढब्बू बाथरूमच्या फरशीवर चारी पाय ताठ करून उभा होता. डोळे मोठे, जीभ बाहेर, अंगातून वीज जावी तसा थरथरत होता. हाक मारली तर माझ्याकडे बघितलं, पण ओळखलं की नाही कळेना. ऋचा त्याच्याशेजारी ओल्या फरशीवर बसली होती.

सुधीर गुडघ्यावर बसला, त्याच्या हिरड्या बघितल्या, छातीवर हात ठेवला. "हे फटाक्यांचं नाही, वंदना. याने काहीतरी खाल्लंय."

वरच्या मजल्यावरच्या आँटी आवाज ऐकून खाली आल्या होत्या. "घी पिला दो, बेटा. दूध में घी. सब निकल जाएगा."

मी बाहेरच्या खोलीत गेले आणि दिवाणाखाली वाकले. सकाळी माझ्या फडक्यातून निसटलेला सोनेरी कागदाचा एक तुकडा तिथे होता. तो घेऊन परत आले. "हे बघ. डबा खाल्लाय बहुतेक. चॉकलेटचा वास येतोय."

"कधी?" सुधीरने विचारलं.

मी उत्तर देण्याआधी ऋचा बोलली. "मी इथेच होते. मी हेडफोन लावले होते, बाबा. थोडाच वेळ." तिचा चेहरा एकदम लहानपणीसारखा झाला. "मला काहीच ऐकू आलं नाही."

मी गप्प राहिले. एक शब्दही खोटा बोलले नाही. नुसती गप्प राहिले.

क्या, कितना, कब

नेहमीचा दवाखाना सणाचा बंद होता, म्हणून द्वारकेला चोवीस तास चालणाऱ्या दवाखान्यात गेलो. दिवाळीची गर्दी, विमानतळाच्या रस्त्यावर गाड्या एकमेकींना चिकटलेल्या. सुधीर चालवत होता. मागे ऋचाच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला ढब्बू. "सॉरी ढब्बू, सॉरी बच्चा, माझं लक्ष नव्हतं, सॉरी," हे ती द्वारकेपर्यंत म्हणत होती. मी पुढच्या सीटवर मोबाइलमध्ये नकाशा बघत कुठली लेन धरायची ते सांगत होते. करायला काम आहे याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं.

डॉक्टर तिशीतली मुलगी होती, बारीक, भराभर बोलणारी. ढब्बूला टेबलावर घेत तिने तीनच प्रश्न विचारले. "क्या खाया, कितना खाया, कब खाया?"

तीन प्रश्न, आणि सोळा वर्षं वही ठेवणाऱ्या बाईकडे पहिल्या दोनांची उत्तरं नव्हती. चॉकलेट किती गडद आणि किती वजनाचं, यावर सगळं आहे, असं डॉक्टर म्हणाली. डबा कचरेवाल्याने नेलेला, आणि सुधीर-ऋचाला वाटत होतं की तो पुठ्ठ्यासकट ढब्बूच्या पोटात गेलाय. मी खुरानांना फोन लावला.

"खुराना साहब, आपने जो डिब्बा दिया था, सुनहरे कागज़ वाला, उसमें क्या था?"

"क्यों मॅडम, कुछ ख़राब निकला?"

"नहीं, हमारे कुत्ते ने खा लिया है. डॉक्टर पूछ रही हैं."

"एक मिनट, मिसेज़ से पूछता हूँ." मागे कुजबूज. मग मिसेज़ खुराना स्वतः आल्या. आवाज पडलेला. "जी, असल में वो हमारे जीजाजी के यहाँ से आया था. हमने तो खोला ही नहीं."

"हमने भी नहीं," मी म्हणाले. त्या क्षणी आम्ही दोघी एकमेकींपुढे उघड्या पडलो, आणि दोघींनाही त्याची पर्वा करायला वेळ नव्हता.

हे जीजाजी गुडगावचे. त्यांनी तो आपल्या व्यवसायातल्या लोकांना द्यायला घेतला होता. त्यांच्याकडे तसलेच आणखी शिल्लक होते. एक फोडून त्यांनी मागच्या बाजूचा फोटो पाठवला. सत्तर टक्के गडद, अडीचशे ग्रॅम. तीन घरं हिंडलेला डबा पहिल्यांदा उघडला तो ढब्बूने.

फोटो बघून डॉक्टरचे हात जास्त भराभर चालायला लागले. "और टाइम?"

ऋचा माझ्या शेजारी उभी होती, ढब्बूचा कान धरून.

"साढ़े नौ," मी म्हणाले. "नौ, साढ़े नौ के बीच."

डॉक्टरने कागदावर ते लिहिलं. माझ्यासमोर, माझ्या शब्दांत.

पावणेतीन

डॉक्टरच्या हिशेबाने त्रास वाढायला अजून वेळ होता. सलाईन लावलं, पोटातलं विष शोषून घेणारी काळी पूड पाजली, छातीला तारा जोडल्या. पावणेतीनला ढब्बूला झटका आला. मी वर्णन करणार नाही. ज्यांनी बघितलंय त्यांना नको आणि ज्यांनी नाही बघितलं त्यांनी बघू नये. सुधीर ऋचाला ओढत बाहेर घेऊन गेला. औषध शिरेत गेल्यावर ढब्बू शांत पडला, इतका शांत की मी डॉक्टरच्या तोंडाकडे बघितलं.

"साँस चल रही है," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मॅडम, टाइम पक्का है? साढ़े नौ के हिसाब से ये मैच नहीं कर रहा."

खोलीत आम्ही दोघीच होतो.

"साढ़े छह," मी म्हणाले. "सुबह साढ़े छह. मैंने देखा था."

ती रागावेल असं वाटलं. तिने रागावायला हवं होतं. तिने पेन काढलं, आधीची वेळ खोडली, शेजारी नवी लिहिली. "मैं डाँटने के लिए नहीं पूछती, मॅडम. मुझे उसी टाइम से दवा चलानी होती है. लोग शर्म में टाइम ग़लत बताते हैं, रोज़ बताते हैं." मग म्हणाली, "सुबह आ जाते तो उल्टी करा के काफ़ी निकाल देती."

बाहेर आले तेव्हा ऋचा बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. "तो गेला का?" तिने विचारलं. नाही म्हटलं, तर तिने माझा हात धरला आणि रडत म्हणाली, "माझ्यामुळे झालं, आई."

तेव्हा सांगता आलं असतं. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "होतं असं कधीकधी." क्षमा केल्यासारखं.

पांडेजी

लक्ष्मीपूजनाचा दिवस दवाखान्यात गेला. वाईट बातमी अशी होती की हे विष लघवीच्या पिशवीतून पुन्हा अंगात शिरतं, म्हणून ती सारखी रिकामी करायला लागते. चांगली बातमी म्हणजे पांडेजी. साठीचे, पांढऱ्या मिशांचे मदतनीस. दर तासाला ते ढब्बूला सलाईनच्या बाटलीसकट उचलून मागच्या अंगणात नेत आणि यश आलं की तिथूनच ओरडत, "डब्बू बाबू ने कर दिया!" वाट बघत बसलेली माणसं टाळ्या वाजवत. एका सरदारजींनी तर आपल्या मांजराची पिशवी खाली ठेवून उभं राहून वाजवल्या. मी वेळा लिहीत होते. तेवढीच त्या दिवशीची माझी प्रामाणिक नोंद.

गुडगावच्या जीजाजींचा रोज फोन येई. ना ओळख ना पाळख. "डब्बू जी कैसे हैं? पानी पिया?"

ऋचा सकाळपासून पिंजऱ्याजवळ स्टुलावर बसून होती. खायला नको म्हणाली. दुपारपर्यंत तिचं "सॉरी, सॉरी" चालू होतं, सलाईन लावलेल्या पंज्याशी तोंड नेऊन. मी तीन फुटांवर होते. मला प्रत्येक सॉरी ऐकू येत होतं. दुपारनंतर ती गप्प झाली. मला वाटलं, दमली.

त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून मी कॉलनीच्या ग्रुपवर संदेश टाकला होता. कुत्र्यांना चॉकलेट किती घातक आहे, लक्षणं कोणती, काय करावं, सगळं मुद्देसूद. शेवटी लिहिलं, "आई-वडील बाहेर असताना मुलांना नीट सूचना द्या." चाळीस जणांनी हात जोडले. एकाने लिहिलं, "वंदना मॅडम, आप हमेशा सबका सोचती हैं."

पाडव्याच्या संध्याकाळी ढब्बूने शेपूट एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे हलवलं. पांडेजींनी दिलेला उकडलेल्या चिकनचा तुकडा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घरी सोडलं.

उपयोगाचं

टिपणात जे लिहिणार होते ते इथे लिहिते, कारण ते खरंच उपयोगाचं आहे. चॉकलेट जितकं गडद आणि कडू, तितकं वाईट, आणि कुत्रं जितकं लहान तितकं लवकर भिनतं. पहिले काही तास कुत्रं अगदी ठीक दिसू शकतं, शेपूटही हलवतं, त्यावर जाऊ नका. तेच तास कामाचे असतात. दूध, तूप, मिठाचं पाणी काही पाजू नका, घरच्या घरी उलटी काढायचा प्रयत्न करू नका, सरळ डॉक्टरला फोन करा. कागद, डबा, उरलेलं, काय असेल ते घेऊन जा. कुत्र्याचं वजन माहीत असू द्या. दिवाळीत धाप आणि थरथर दिसली की फटाक्यांवर ढकलायची आपल्याला सवय असते. आवाज नसताना कुत्रं थरथरत असेल तर घरातलं मूल जे सांगतंय ते ऐका.

आणि वेळ खरी सांगा. ज्याला ती सांगताना सगळ्यात जड जाईल, त्यालाच ती माहीत असते.

भाऊबीज

त्या दिवशी दुपारी जेवताना सांगितलं. ढब्बू टेबलाखाली होता. चार दिवसांत पहिल्यांदा ऋचाने ताटात भात घेतला होता, आणि तो खाताना तिला बघवेना मला.

"डबा त्याने सकाळी साडेसहाला खाल्ला होता," मी म्हणाले. "तुझ्या वेळेत नाही. मी बघितला, मी पुसून काढला. मी कुणाला बोलले नाही."

सुधीरचा घास हातात राहिला. तो मनात हिशेब जुळवत असावा. मग म्हणाला, "अकराला तिचा फोन आला. त्यानंतर आपण दोन घरी गेलो, वंदना. मी तिथे दोन करंज्या खाल्ल्या." त्याने ताट बाजूला सारलं. "मला गाडीत तरी सांगायचंस."

ऋचा मान खाली घालून भात कालवत होती. रडली नाही, ओरडलीही नाही. मी दोन्हीची तयारी ठेवली होती.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय?"

"पिंजऱ्याला कागद लावला होता ना. त्यावर साडेनऊ खोडलं होतं आणि साडेसहा लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं, ओनरने नंतर सांगितलं." तिने वर बघितलं. "लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच वाचलं मी. दुपारी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलायची वाट बघत होते."

म्हणजे दोन दिवस. दोन दिवस ती माझ्या शेजारी बसली, माझ्याच बाटलीतून पाणी प्यायली, गाडीत माझ्या खांद्यावर डोकं टेकून आली, आणि वाट बघत राहिली. ती दमली असं मला वाटलं, तेव्हा ती मला वेळ देत होती.

मी सॉरी म्हणाले. तिने नुसती मान हलवली. ठीक आहे म्हणाली नाही, आणि मीही ते तिच्याकडून मागितलं नाही. संध्याकाळी ग्रुपवर दुसरा संदेश टाकला: आधीच्या संदेशातलं शेवटचं वाक्य चुकीचं आहे, डबे मी ठेवले होते, खाल्लेलं मी पाहिलं होतं, ऋचाचा काही दोष नाही. त्याला हात कुणी जोडले नाहीत. वरच्या आँटी मात्र खाली येऊन पाच मिनिटं बसल्या आणि ढब्बूला खाजवून गेल्या.

तपासणी

आठवड्याने ढब्बूला पुन्हा दाखवायला न्यायचं होतं. ऋचा म्हणाली, मी येते. गाडी सुधीर घेऊन गेला होता आणि मेट्रोत कुत्रं नेता येत नाही, म्हणून रिक्षा केली. वाटेत ती बाहेर बघत होती आणि मी तिला एकदाही सांगितलं नाही की सरळ बस, दोरी घट्ट धर.

डॉक्टरने छाती तपासली, हिरड्या बघितल्या, वजन केलं. "बढ़िया," म्हणाली. मग कागद पुढे ओढत, मान वर न करता, सगळ्यांना विचारत असावी तसं तिने विचारलं, "इस हफ़्ते कुछ उल्टा-सीधा खाया?"

ऋचा उत्तर देऊ शकली असती. ढब्बूचं सगळं आता तीच बघते. तिने माझ्याकडे बघितलं आणि थांबली.

"हाँ," मी म्हणाले. "बुधवार को. करंजी का आधा टुकड़ा, मेरे हाथ से गिरा था. उठाने में देर की मैंने. सुबह आठ बजकर दस मिनट."

डॉक्टर हसली. एवढं लिहायची तिला गरज नव्हती, पण तिने ते लिहिलं, वेळेसकट. बाहेर पडताना ऋचाने ढब्बूची दोरी माझ्या हातात दिली, आणि रिक्षा थांबवायला स्वतः पुढे गेली.